मोटरहोमचं वजन: परवाना कोणता लागतो, काटा कसा करायचा, वजनवाढीचा अर्ज कसा भरायचा

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं राहतं घर, बघायला गेल्यावर माणसं पलंग किती रुंद, शॉवर वेगळा आहे का, सोलर पॅनल किती वॉटचं, सगळं विचारतात. बॉनेटखाली किंवा पुढच्या दाराच्या चौकटीवर लावलेली हाताएवढी पाटी मात्र फार कमी जण वाकून वाचतात. परवाना, विमा, टोल, वेगमर्यादा, दंड या सगळ्याचं मूळ त्या पाटीवर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पाटीवर साधारण चार आकडे एकाखाली एक असतात. उदाहरणार्थ ३,५००, ५,५००, १,८५० आणि २,०००, सगळे किलोमध्ये. पहिला आकडा गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन, म्हणजे माणसं, पाणी, डिझेल, सामान सगळं धरून. दुसरा गाडी आणि तिला जोडलेला ट्रेलर मिळून. तिसरा पुढच्या एक्सलची, म्हणजे पुढच्या चाकांच्या जोडीची, मर्यादा, चौथा मागच्या एक्सलची. इथे एक गैरसमज नेहमी होतो. १,८५० आणि २,००० मिळून ३,८५० होतात, म्हणून गाडीत ३,८५० किलो भरता येतं असं नाही. एकूण वजनाची मर्यादा वेगळी आणि प्रत्येक एक्सलची वेगळी. तिन्हींपैकी एक जरी ओलांडली तरी गाडी ओव्हरलोड.

बऱ्याच गाड्यांवर दोन पाट्या सापडतात. एक मूळ चासी, म्हणजे इंजिन-चाकांसह खालचा सांगाडा, बनवणाऱ्या कंपनीची, दुसरी त्यावर घर बांधणाऱ्याची. दोन्हींवर आकडे वेगळे असतील तर घर बांधणाऱ्याने नंतर लावलेली पाटी धरायची. नोंदणी प्रमाणपत्रावरचा आकडाही तिच्याशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर दुसरा कुठलाही अर्ज करण्याआधी ती दुरुस्ती करून घ्या.

कोण कोणती गाडी चालवू शकतो

परवान्याची पात्रता पाटीवरच्या पहिल्या आकड्यावर ठरते, त्या दिवशी गाडीत किती सामान आहे त्यावर नाही. ३,८५० किलोची पाटी असलेली गाडी पूर्ण रिकामी करून ३,३०० वर आणली, तरी कायद्याच्या नजरेत ती ३,८५० चीच राहते.

१९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारात ‘बी’ गटाची, म्हणजे साध्या कार परवान्याची, रेघ ३,५०० किलोवर मारली आहे. युरोपभरचे साधे कार परवाने तिथून आले आणि म्हणूनच तिथली बहुतेक मोटरहोम नेमकी ३,५०० ची पाटी घेऊन कारखान्यातून बाहेर पडतात. ऑस्ट्रेलियात साध्या कार परवान्यावर ४,५०० किलोपर्यंतची गाडी चालते, न्यूझीलंडमध्ये पहिल्या वर्गाच्या परवान्यावर ६,००० पर्यंत, आणि भारतात हलक्या मोटार वाहनाची व्याख्याच ७,५०० किलोपर्यंत जाते. अमेरिकेत टेक्सससारख्या राज्यात २६,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ११,७९३ किलोंच्या, पुढे गेलं की बिगरव्यावसायिक ‘बी’ वर्गाचा वेगळा परवाना लागतो. एकच गाडी एका देशात साध्या परवान्यावर चालते आणि दुसऱ्या देशात तिच्यासाठी परीक्षा द्यावी लागते. परदेशात गाडी भाड्याने घेणार असाल तर करारावर पाटीचं वजन लिहून मागा. जाहिरातीत पलंगांची संख्या असते, हा आकडा क्वचितच असतो.

वरच्या गटाचा परवाना काढायची प्रक्रिया ब्रिटनच्या उदाहरणावरून नीट कळते. तिथे ज्यांनी १ जानेवारी १९९७ च्या आधी कारची परीक्षा पास केली, त्यांच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचा ‘सी-१’ गट आपोआप आहे. त्यानंतरच्यांना वय १८ पूर्ण झाल्यावर डी-२ अर्ज आणि डॉक्टरांनी तपासून भरलेला डी-४ वैद्यकीय अहवाल पाठवून आधी शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. मग लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची. स्वतःच्या सहलीसाठी चालवणाऱ्याला व्यावसायिक चालकांचं जादा प्रशिक्षण लागत नाही. ज्येष्ठांनी एक गोष्ट विसरू नये: सत्तरीला परवाना नूतनीकरण करताना वैद्यकीय अहवाल जोडला नाही, तर सी-१ गट परवान्यावरून जातो. डोळ्यांची तपासणी, रक्तदाब, मधुमेहाचे कागद हे सगळं जमवायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने आधीच हाती घ्या.

हातात खरं किती वजन उरतं

माझ्या मते सगळ्यात मोठी फसगत इथे होते. युरोपीय नियमांत ‘चालू स्थितीतलं वजन’ म्हणून जो आकडा छापतात त्यात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के भरलेली इंधनाची टाकी धरलेली असते. प्रवाशांसाठी माणशी ७५ किलो वेगळे. त्यावर सामानासाठी किमान किती वजन राखायचं याचं सूत्र असं: चालकासह माणसांची संख्या अधिक गाडीची मीटरमधली लांबी, गुणिले १०. चार माणसांची सात मीटरची गाडी असेल तर ११० किलो. कपडे, भांडी, शिधा, खुर्च्या, टेबल, सायकली, नंतर बसवलेली जादा बॅटरी आणि बाहेर उघडणारी छत्री, सगळं त्या ११० मध्ये.

आता दुसरी बाजू बघा. छापील वजनात पाच टक्के फरक नियमानुसार चालतो. ३,१०० किलोच्या गाडीत पाच टक्के म्हणजे १५५ किलो. गाडी तेवढी जड निघाली तर एक पिशवीही न ठेवता सामानाची सगळी सवलत संपलेली असते. म्हणून माहितीपत्रकावर विसंबून राहू नका, गाडी वजनकाट्यावर घाला.

काटा करताना गाडी सुट्टीवर निघाल्यासारखी भरा. टाकी पूर्ण, पाणी नेहमी नेता तेवढं, फ्रिज भरलेला, सायकली मागे अडकवलेल्या आणि घरची सगळी माणसं आपापल्या सीटवर. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन घ्या, मग पूर्ण गाडी, मग पुढची चाकं उतरवून फक्त मागची. जमीन सपाट हवी, नाहीतर एक्सलचे आकडे चुकतात. पावतीवर गाडीचा नंबर आणि तारीख येईल असं बघा, कारण पुढे अर्जाला हीच पावती जोडायची आहे.

समजा पावती अशी आली: पुढे १,४४०, मागे २,०४०, एकूण ३,४८०. एकूण वजन मर्यादेत आहे, तरी गाडी बेकायदा, कारण मागचा एक्सल ४० किलोंनी वर गेला आहे. हे मागच्या बाजूला लटकणाऱ्या सामानामुळे होतं. दोन एक्सलमधलं अंतर ४ मीटर आणि सायकलींचा रॅक मागच्या एक्सलच्या २ मीटर पाठीमागे असेल, तर ६० किलोच्या सायकली मागच्या चाकांवर ९० किलो टाकतात आणि पुढच्या चाकांवरून ३० किलो उचलतात. पुढची चाकं हलकी झाली की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग आणि ब्रेकची पकड कमी होते. हा नियम दंडापुरता नाही, तो गाडीत झोपलेल्या मुलांसाठी आहे. अशा वेळी आधी सामान हलवून बघा. पाण्याची टाकी पुढे असेल आणि डबे मागे असतील, तर डबे पुढच्या सीटमागे आणल्यानेच काम होऊ शकतं. अर्धी टाकी पाणी घेऊन निघालात तर ५० लिटरमागे बरोबर ५० किलो वाचतात.

वजनवाढीचा अर्ज

सामान कमी करूनही भागत नसेल तर पाटीवरची मर्यादा वाढवून घ्यायचा अर्ज करता येतो. तो दोन प्रकारचा असतो. काही चासी मुळातच जास्त वजनासाठी बनलेल्या असतात, फक्त साध्या परवान्यात बसाव्यात म्हणून पाटी ३,५०० ची लावलेली असते. तिथे काम निव्वळ कागदावर होतं. दुसऱ्या प्रकारात मागच्या स्प्रिंगांना हवेच्या पिशव्या, दणकट स्प्रिंगा किंवा जास्त भाराचे टायर बसवावे लागतात आणि मग तपासणी होते. केवळ हवेच्या पिशव्या बसवल्या म्हणून मर्यादा वाढत नाही. नोंद होऊन नवी पाटी लागेपर्यंत जुनाच आकडा कायद्याने लागू असतो.

कागदपत्रं देशोदेशी थोडी बदलतात, पण गाभा हाच: नोंदणी प्रमाणपत्र, मालकाचा ओळखपुरावा, गाडीवरच्या सगळ्या पाट्यांचे स्पष्ट फोटो, चासी नंबर, उत्पादकाचं अनुरूपता प्रमाणपत्र (गाडी मंजूर नमुन्याप्रमाणेच बनली आहे असा दाखला), काट्याची पावती, आणि बदल केले असतील तर सुट्या भागांची बिलं व बसवणाऱ्याचा दाखला. चासी कंपनीचं किंवा मान्यताप्राप्त अभियंत्याचं पत्र यात सगळ्यात महत्त्वाचं आणि मिळायला सगळ्यात उशीर तेच लावतं, म्हणून पहिला अर्ज त्यासाठी करा.

टायरच्या बाजूचाही फोटो काढा. त्यावर मापानंतर येणारा भार निर्देशांक तपासतात. ११२ म्हणजे एका टायरवर १,१२० किलो, ११६ म्हणजे १,२५०. मागचा एक्सल २,४०० करून मागत असाल आणि टायर ११२ चे असतील, तर दोन टायर मिळून २,२४० होतात आणि अर्ज तिथेच अडतो.

अर्जावर सही करण्याआधी मंजुरीनंतर काय बदलेल ते बघून घ्या. साडेतीन टन ओलांडले की युरोपात परवान्याचा गट बदलतो. जर्मनीच्या महामार्गावर साडेसात टनांपर्यंतच्या अशा मोटरहोमना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा लागते. ऑस्ट्रियात टोलच्या साध्या स्टिकरऐवजी अंतरावर टोल कापणारं यंत्र काचेला लावावं लागतं. न्यूझीलंडमध्ये फिटनेस तपासणीचा प्रकार बदलतो. घरात दोघं आळीपाळीने चालवत असतील आणि वरचा परवाना एकाकडेच असेल, तर दुसऱ्याला त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावता येणार नाही.

उलट अर्जही होतो, ३,८५० ची पाटी ३,५०० वर उतरवण्याचा. वैद्यकीय अहवाल टाळण्यासाठी बरेच ज्येष्ठ तो करतात. मला हा मार्ग बहुतेक गाड्यांसाठी पटत नाही. गाडीचं लोखंड तेवढंच राहतं आणि सामानाची ३५० किलोची मुभा जाते. आधी काटा करा, भरलेली गाडी ३,४०० च्या आत येत असेल तरच विचार करा.

मंजुरी आली की नवी पाटी जुन्या पाटीशेजारी पक्की बसवतात, नोंदणी प्रमाणपत्र दुरुस्तीला जातं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं लागतं. विमा कंपनीचं पोचपत्र हातात येईपर्यंत गाडी जुन्याच वजनावर चालवा. ते पत्र, अभियंत्याचा दाखला आणि शेवटच्या काट्याची पावती यांच्या प्रती एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गाडीतच ठेवा.