थर्मोस्टॅट बदलायला गाडी अर्धा दिवस का ठेवून घेतो?

“मुठीत मावेल एवढा पार्ट, दोन बोल्ट, आणि तुम्ही म्हणता संध्याकाळी या?” वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजमध्ये हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. विचारणाऱ्याचं चुकत नाही. जुना थर्मोस्टॅट काढून नवा बसवायचा एवढंच काम असेल, तर बऱ्याच गाड्यांना अर्ध्या तासाच्या वर लागत नाही. बाकीचा वेळ जातो तो दुसऱ्या दिवशी तुमच्या पार्किंगमध्ये कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, थारोळं दिसू नये यासाठी. त्या वेळेचा हिशोब या पत्रकात दिला आहे.

आधी थोडं थर्मोस्टॅटबद्दल

साध्या थर्मोस्टॅटला ना वायर असते ना मोटर. पितळी डबीत मेण भरलेलं असतं. इंजिन तापलं की मेण वितळून फुगतं, आतली दांडी ढकलतं आणि झडप उघडते. कितीला उघडायचं तो आकडा पार्टवरच ठोकलेला असतो, बहुधा ८२ किंवा ८८ अंश सेल्सिअस. तोवर कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरतं. झडप उघडली की ते रेडिएटरकडे जातं, गार होऊन परत येतं.

हा पार्ट दोन तऱ्हांनी बिघडतो. बंद अवस्थेत अडकला तर लगेच कळतं. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर गाड्या तुंबलेल्या असतात, एसी चालू असतो आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. पण गाडी गरम झाली म्हणजे थर्मोस्टॅटच गेला असं आम्ही फोनवर कधीच सांगत नाही. पंखा, पाण्याचा पंप, चोक झालेला रेडिएटर, अडकलेली हवा, यातलं काहीही असू शकतं. तपासल्याशिवाय पार्ट बदलणं म्हणजे ग्राहकाच्या पैशाने अंदाज बांधणं.

उघड्या अवस्थेत अडकला तर मात्र महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, चेक इंजिनचा दिवा मधूनच लागतो. एरवी हीटर गार पडला की माणसाला शंका येते, पण ठाण्यात हीटर लावतो कोण? डिसेंबरात महाबळेश्वरला गेल्यावर लक्षात येतं.

“काढूनच टाका ना”

हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलेला असणार. आपल्याकडे थंडी नाही, मग थर्मोस्टॅट हवा कशाला? आम्ही हे करत नाही, आणि कारण फक्त मायलेजचं नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याच्याच खालची चकती आतला आडमार्ग बंद करते. अख्खा थर्मोस्टॅट काढला की तो आडमार्ग कायमचा मोकळा राहतो. मग बरंचसं गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात येतं. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून पार्ट काढायचा, आणि खंडाळ्याच्या घाटात तीच गाडी बोनेट उघडून कडेला उभी करायची.

गळती कुठून होते

नवा थर्मोस्टॅट सहसा गळत नाही. गळते ती त्याची बैठक.

म्हणून पहिलं काम म्हणजे इंजिन पूर्ण गार होऊ देणं. गाडी चालवत आणली असेल तर दोन तास तरी ती नुसती उभी राहते. एक तर गरम झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर येतं. दुसरं म्हणजे गरम ॲल्युमिनियममध्ये बोल्ट फिरवले तर आटे जायची भीती असते. घाई असेल तर गाडी आदल्या रात्री आणून लावा, सकाळी गार इंजिन हाताशी असतं.

हाउसिंग, म्हणजे थर्मोस्टॅट ज्यात बसतो ते कव्हर, उघडलं की जुन्या पॅकिंगचे तुकडे दोन्ही बाजूंना चिकटलेले दिसतात, काही वेळा आधीच्या कुणीतरी थापलेलं सिलिकॉनही असतं. ते स्क्रूड्रायव्हरने खरवडणं ही गळतीची पक्की सोय. ॲल्युमिनियम मऊ असतं, एक ओरखडा पडला की त्या ओरखड्यातून थेंब वाट काढतो. आमचे मिस्त्री प्लास्टिकची पट्टी वापरतात, आणि साफ झाल्यावर डोळ्यांनी न बघता नखाने तपासतात. नख अडकलं म्हणजे काम बाकी आहे. मग स्टीलची पट्टी आडवी धरून खालून उजेड दिसतो का ते बघायचं. हाउसिंग वाकलेलं असेल तर नवं पॅकिंग ते सरळ करणार नाही, हाउसिंगच बदलावं लागतं. प्लास्टिकचं हाउसिंग वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतं. त्याला बारीक तडा दिसला की आम्ही तुम्हाला फोन करतो, विचारल्याशिवाय बदलत नाही.

बोल्टची भोकंही कोरडी करावी लागतात. जे भोक आरपार नाही त्यात कूलंट साचलेलं राहिलं, तर बोल्ट त्या पाण्यावरच अडतो. पान्याला वाटतं घट्ट झाला, प्रत्यक्षात हाउसिंग दाबलं गेलेलंच नसतं. जास्त जोर लावला तर धातूला तडा जातो.

रबरी ओ-रिंग असेल तिथे आम्ही सिलिकॉन लावत नाही. “साहेब, थोडं लावून टाका, सेफ राहील” असा आग्रह होतो. तरी नाही. ओ-रिंग खाचेत दाबून बसते, सिलिकॉनवर ती घसरते. कागदी पॅकिंगला कंपनीने सांगितलं असेल तरच पातळ थर देतो, आणि तसं असेल तर गाडी रात्रभर राहते, कारण सिलिकॉन वाळायला तेवढा वेळ लागतो. जाड थर दिला की आतल्या बाजूला लोळे निघतात, तुटून कूलंटबरोबर फिरतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतात.

थर्मोस्टॅटच्या कडेवर एक छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला यायला हवी, कारण तिच्याशेजारून अडकलेली हवा निघून जाते. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे. उलटा बसवला तर मेणाला गरम कूलंट भेटतच नाही. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. लहान, ६ मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घेतो. हा जोर मनगटाचा आहे, खांद्याचा नाही. त्यासाठी आमच्याकडे जोर मोजणारा पाना (टॉर्क रेंच) आहे.

आता आमचीच एक चूक सांगतो. एका पावसाळ्यात संध्याकाळी घाईत एक हॅचबॅक दिली. ओ-रिंग एका जागी खाचेबाहेर येऊन चिमटली होती. गार असताना एक थेंब नाही. गाडी घरी गेली, रात्री गळली. सकाळी सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं, एसीचं पाणी आहे. ग्राहक तशीच घेऊन निघाले आणि तीन हात नाक्याला काटा लाल पट्ट्यात. काम फुकट परत केलं, टोइंगचे पैसे दिले. त्या दिवसापासून प्रेशर टेस्ट केल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही, ग्राहक दारात उभा असला तरी.

पाणी, कूलंट आणि हवा

नळाचं पाणी आम्ही भरत नाही. टँकरचं किंवा बोअरचं तर मुळीच नाही, त्यातला क्षार आत जाऊन थर धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं, किंवा तयार मिसळलेलं कूलंट. हिरवं आणि नारिंगी एकत्र करू नका. काही प्रकार एकमेकांत मिसळले की चिकट गाळ होतो. नुसत्या रंगावरूनही प्रकार कळत नाही, डब्यावर काय लिहिलंय ते बघावं लागतं.

भरण्यापेक्षा हवा काढायला वेळ लागतो. गाडीचं तोंड उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करायचं. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, पुन्हा भरायचं. पातळी स्थिरावली की झाकण लावून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबायचं. इथे कुणालाही घाई करता येत नाही.

मग गाडी पुन्हा गार झाली की कूलंटच्या टाकीला हातपंप जोडून झाकणावर लिहिलेला दाब भरतो, ०.९ किंवा १.१ बार जो असेल तो. पंधरा मिनिटं काटा हलता कामा नये. हा दाब हवा असतो कारण त्यामुळे साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. एवढीशी गळती असली की दाब टिकत नाही, आणि कूलंट शिल्लक असूनही इंजिन उकळतं.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी आम्ही तो पातेल्यात उकळून बघतो. झडपेत दोरा अडकवून थर्मोस्टॅट पाण्यात लटकवायचा, शेजारी थर्मामीटर. झडप उघडली की दोरा सुटतो आणि पार्ट टपकन बुडाशी पडतो. तेव्हाचा आकडा आणि त्यावर छापलेला आकडा जुळला पाहिजे. बघायचं असेल तर सांगा, चहा होईपर्यंत दाखवतो. (पातेलं वेगळं आहे.)

गाडी घरी नेल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, टाकीतली पातळी बघा. उरलीसुरली हवा निघाल्यामुळे एकदा थोडी खाली जाणं चालतं. किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये असेल तर काही करू नका. रोजच उतरत असेल तर फोन करा, वरून भरत बसू नका. गरम असताना झाकण उघडायचं नाही, फडकं गुंडाळूनही नाही. बोनेटखाली हात घालायचा झाल्यास आधी चावी काढा, पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

गाडीखाली ओल दिसली तर खाली पुठ्ठा सरकवा. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं आणि बहुधा केबिनच्या पुढच्या भागाखाली पडतं. कूलंट रंगीत, बोटाला बुळबुळीत, गोडसर वासाचं. चव घेऊन बघू नका, ते विषारी आहे. सांडलेलं लगेच पुसून पाण्याने धुवा, गोडीमुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि जिवाला मुकतात.

काटा लाल पट्ट्यात गेलाच, तर एसी बंद करा, कडेला घ्या, इंजिन बंद करा. “पुढच्या पंपापर्यंत जाईल” म्हणून चालवू नका. थर्मोस्टॅटचं बिल आणि हेड गॅस्केटचं (इंजिनच्या दोन भागांमधलं पॅकिंग, जे अति तापल्याने जातं) बिल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवलेला असेल. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन या, पातळी आणि जोड पुन्हा बघून देतो, त्याचे पैसे नाहीत. फक्त गाडी गार असताना बघायचं असतं, म्हणून जवळ राहत असाल तर रात्रीच आणून लावा.