वेन चित्र: आधी सगळे कप्पे, मग माहिती

चौकटीत प्रत्येक गटासाठी, म्हणजे संचासाठी, एक वर्तुळ काढायचे आणि वर्तुळे एकमेकांना छेदून जे कप्पे होतात त्यांत माहिती भरायची, हे वेन चित्र. सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावातली ६० शेतकरी कुटुंबे घेऊ. ऊस लावणारी ३८, द्राक्षबाग असलेली २०, हळद करणारी २२. ऊस आणि द्राक्ष दोन्ही असलेली ८, ऊस आणि हळद १४, द्राक्ष आणि हळद ७, तिन्ही पिके घेणारी ५. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण या घाटाचा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या तयारीत सतत समोर येतो आणि त्यात बहुतेकांचा पाय एकाच ठिकाणी घसरतो. ऊस आणि हळद यांच्या सामाईक कप्प्यात सरळ १४ लिहिले जातात. त्या १४ मध्ये तिन्ही पिके घेणारे ५ आधीच मोजलेले आहेत, म्हणून ‘फक्त ऊस आणि हळद’ या कप्प्यात ९ यायला हवेत. चूक तशीच पुढे नेली तर ‘फक्त हळद’ या कप्प्यात २२ − १४ − ७ − ५ म्हणजे उणे ४ कुटुंबे येतात. भरायची सुरुवात मधल्या कप्प्यापासून केली की सगळे जागेवर बसते: मध्ये ५, दोन-दोन पिकांच्या कप्प्यांत ३, ९ आणि २, एकेकट्या पिकांत ऊस २१, द्राक्ष १०, हळद ६. बेरीज ५६, आणि वर्तुळांच्या बाहेर, चौकटीच्या आत ४.

आकृती आधी पूर्ण मांडायची आणि माहिती नंतर भरायची, ही शिस्त इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांची. वर्तुळे मात्र त्यांची नव्हेत. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्स यांच्या हस्तलिखितांत वर्तुळे सापडतात, पण ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. वर्तुळांचा प्रसार झाला तो स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर यांच्यामुळे. १७६० ते १७६२ या काळात त्यांनी एका जर्मन राजकन्येला विज्ञान आणि तत्त्वज्ञानावर दोनशेहून अधिक पत्रे लिहिली. १७६१ च्या पत्रांत तर्काची विधाने समजावताना त्यांनी वर्तुळे काढली. ही पत्रे १७६८ ते १७७२ या वर्षांत ग्रंथरूपाने आली.

ऑयलर यांची पद्धत आपल्याकडच्या न्यायशास्त्रातल्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातल्या, व्याप्तीशी ताडून पाहण्यासारखी आहे. व्याप्ती म्हणजे एक गोष्ट असेल तिथे दुसरी असतेच, असा कायमचा संबंध. जिथे धूर तिथे अग्नी. धूर व्याप्य, अग्नी व्यापक. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो, म्हणून उलटे विधान टिकत नाही. न्यायात हे सारे शब्दांत मांडतात. ऑयलर यांच्या रीतीने काढले तर धुराचे लहान वर्तुळ अग्नीच्या मोठ्या वर्तुळाच्या पोटात बसेल आणि लोखंडी गोळा दोहोंच्या मधल्या कड्यात. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींच्या ‘तर्कतीर्थ’ पदवीतला तर्क तो हाच.

ऑयलर यांच्या आकृतीत संबंध आधी ठाऊक असावा लागतो. वर्तुळ आत काढायचे, बाहेर काढायचे की छेदून, हे काढण्यापूर्वीच ठरवावे लागते. माहिती अर्धवट असेल तर हात थांबतो. वेन यांनी जुलै १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आणि १८८१ च्या ग्रंथात हा क्रम उलटा केला. शक्य असलेले सगळे कप्पे आधी काढायचे, दोन संचांना ४, तीन संचांना ८, बाहेरचा धरून. मग जो कप्पा रिकामा असल्याचे कळेल तो रेघा मारून भरायचा. ‘सर्व धूरयुक्त स्थळे अग्नियुक्त आहेत’ याचा अर्थ धुराच्या वर्तुळाचा अग्नीबाहेरचा भाग रेघांनी बंद. इथे एक सावधगिरी हवी: वेन यांच्या चित्रात रेघा म्हणजे ‘इथे कोणी नाही’, तर शाळेत छेद संच (दोन्ही संचांत असलेले घटक) दाखवताना रेघा म्हणजे ‘हाच भाग हवा’. दोन्ही रीती एकाच वहीत आल्या की विद्यार्थी गोंधळतो, म्हणून रेघांचा अर्थ आकृतीखाली लिहावा.

वेन स्वतः या आकृत्यांना ऑयलरची वर्तुळेच म्हणत. शंभरेक वर्षांतले ६० तर्कग्रंथ चाळल्यावर त्यांना ३४ ग्रंथांत आकृत्या आढळल्या, जवळजवळ सगळ्या ऑयलर यांच्या पद्धतीच्या. ‘वेन चित्र’ हे नाव अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ क्लॅरेन्स लुईस यांच्या १९१८ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथातून रूढ झाले. वेन १९२३ मध्ये वारले. काही शालेय पुस्तकांत १८८३ छापलेले दिसते, ते चूक आहे. शाळेत संच आले ते १९६० च्या दशकातल्या ‘नवे गणित’ या अभ्यासक्रम-सुधारणेच्या लाटेबरोबर. महाराष्ट्रात २०१७ च्या नववीच्या गणित भाग १ मध्ये पहिलेच प्रकरण संचाचे आहे.

तीन वर्तुळे कंपासने काढताना त्रिज्या ३ सेमी आणि केंद्रांमधली अंतरे ३.५ सेमी ठेवली की आठही कप्प्यांत आकडे लिहायला जागा मिळते. अंतर सुमारे ५.२ सेमीच्या पुढे गेले की वर्तुळे दोन-दोन छेदतात खरी, पण मध्ये उरतो तो त्रिकोणासारखा तुकडा तिन्हींच्या बाहेरचा असतो. त्यात ‘तिन्ही पिके’ म्हणून ५ लिहिले की पुढचे सगळे चुकते.

चौथे पीक आले की वर्तुळच अपुरे पडते. वर्तुळे n असतील तर कप्पे जास्तीत जास्त n² − n + २ होतात; चार वर्तुळांना १४, आणि हवेत १६. ऊस, द्राक्ष, हळद, सोयाबीन अशी चार वर्तुळे चौरसात मांडली तर समोरासमोरच्या जोड्या तुटतात. ‘फक्त ऊस आणि हळद’ असा कप्पाच बनत नाही. आपल्या ९ कुटुंबांपैकी सोयाबीन न लावणाऱ्यांना मग चित्रात जागा उरत नाही. वेन यांनी यासाठी चार लंबवर्तुळे तिरकी एकमेकांवर मांडली, त्यांत सोळाही कप्पे मिळतात.