अर्भकावधान व स्वमग्नता

जन्मापासून सुमारे दोन वर्षांपर्यंत मूल कशाकडे बघते, किती वेळ बघते आणि तेथून नजर कशी काढून घेते या क्षमतेचा विकास, आणि स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) त्याचा असलेला संबंध. स्वमग्नतेचे निदान आजही वर्तनावरूनच होते, त्यामुळे बोलणे फुटण्यापूर्वीच्या या खुणांना विशेष महत्त्व आहे.

नवजात अर्भकाचा ओढा चेहऱ्यासारख्या आकृतीकडे असतो. पहिल्या-दुसऱ्या महिन्यात नजर एखाद्या गोष्टीवर खिळून राहते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ती सोडवून दुसरीकडे वळवणे जमू लागते. नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास सहअवधान, म्हणजे दुसऱ्यासह एकाच गोष्टीकडे लक्ष देणे, दिसते. कडेवरचे मूल खिडकीतल्या चिऊकडे बोट दाखवते आणि लगेच वळून आजीच्या तोंडाकडे बघते. ‘तूही बघतेस ना?’ असा तो प्रश्नच असतो.

स्वमग्नतेत ही वाट नेमकी कोठे वेगळी होते, याबद्दल मतभेद आहेत. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करताना भावनिक संपर्काची उणीव जन्मजात मानली होती. पुढे काही काळ आईच्या थंडपणाला दोष देणारे मत बळावले. त्याने असंख्य घरांना विनाकारण यातना दिल्या. फोलस्टाइन व रटर यांच्या जुळ्यांवरील अभ्यासाने (१९७७) आनुवंशिकतेचे महत्त्व दाखवले आणि ते मत आता सर्वस्वी त्याज्य ठरले आहे. ऑस्टरलिंग व डॉसन यांनी १९९४ मध्ये पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या. पुढे स्वमग्न ठरलेली मुले इतरांकडे कमी बघत, बोट कमी दाखवत आणि हाकेला कमी ओ देत, असे त्यांना आढळले. मात्र अशा मागाहूनच्या पाहणीतून आरंभबिंदू सापडत नाही. म्हणून नंतरच्या अभ्यासकांनी स्वमग्न मुलांच्या धाकट्या भावंडांना जन्मापासून पाहण्याची पद्धत घेतली. त्यांच्यात स्वमग्नतेचे प्रमाण सुमारे पाचात एक आढळते.

जोन्स व क्लिन यांनी २०१३ मध्ये ११० अर्भकांची नजर यंत्राने टिपली. त्यांपैकी १३ मुले पुढे स्वमग्न ठरली. दुसऱ्या महिन्यात ही मुले समोरच्याच्या डोळ्यांकडे इतरांइतकीच बघत होती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान हे बघणे ओसरू लागले. नमुना लहान असला, तरी क्षमता मुळातच नसते यापेक्षा ती हळूहळू दूर सरकते, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. सहाव्या महिन्यात उघड्या डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, या इतर निरीक्षणांशीही ते जुळते. नजर एका वस्तूवरून सोडवण्यास लागणारा विलंब वर्षाच्या आसपास स्पष्ट होतो. तो कारण की परिणाम, हे ठरलेले नाही.

मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांवरून हॅझलेट व सहकाऱ्यांनी (२०१७) दाखवले, की पुढे स्वमग्न ठरणाऱ्या मुलांत सहा ते बारा महिन्यांत मेंदूच्या बाह्यकाचे (बाहेरच्या थराचे) पृष्ठफळ अधिक वेगाने वाढते आणि एकूण आकारमानाची जादा वाढ दुसऱ्या वर्षात दिसते. श्वेतद्रव्याच्या, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या, तंतुमार्गांचा विकासही वेगळा आढळतो. डोक्याच्या घेरावरून अनुमान काढणे मात्र भरवशाचे नाही.

भारतीय अर्भकांच्या मापनाचा पाया वडोदऱ्यात घातला गेला. प्रमिला फाटक यांनी बेली या अर्भकविकासाच्या मापनीवर आधारलेले ‘बडोदा मानदंड’ तयार केले (१९७०). त्यांतून आलेल्या विकासमापनीत ६७ कारक (हालचालींच्या) व १६३ मानसिक बाबी असून ती तीस महिन्यांपर्यंत वापरता येते. तिरुवनंतपुरमचा विकासाच्या प्राथमिक चाचणीचा १७ बाबींचा तक्ताही याच मानदंडांवरून निवडलेला आहे. या मापन्या स्वमग्नतेसाठी रचलेल्या नाहीत. परंतु दृष्टी व सामाजिक प्रतिसादाच्या बाबी त्यांत असल्याने काही महिन्यांच्या अंतराने केलेली मापने ताडून पाहणे एकाच गुणांकापेक्षा उपयुक्त ठरते.

वडोदऱ्यातील मराठी घरांत मूल घरी मराठी, शेजारी गुजराती आणि दूरचित्रवाणीवर हिंदी ऐकते. त्यामुळे ‘तीन भाषांमुळे बोलायला उशीर’ असे समाधान करून घेतले जाते. अनेक भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता होत नाही. शिवाय बोट दाखवणे किंवा नजरेला नजर देणे यांना भाषा लागत नाही. हाकेची चाचणी घेताना बारशाच्या नावाऐवजी घरातले लाडाचे नाव वापरावे. छकुली म्हणून वाढलेली मुलगी कागदावरच्या नावाला वळली नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही.