करणीचा आळ आणि धुऱ्याचं भांडण

३० डिसेंबर २०२४ला मेळघाटातल्या रेट्याखेडा गावात सत्तरी ओलांडलेल्या एका आजीला जादूटोणा करते म्हणून मारहाण झाली, तिची धिंड काढली गेली. त्याआधी मे २०२४मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एक बाई आणि एक पुरुष याच संशयावरून जिवंत जाळले गेले. ऑगस्ट २०२१मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला सात जणांना भरचौकात बांधून मारलं. अशी बातमी आली की आपण नागपुरात बसून ‘अडाणी लोक’ म्हणतो आणि पान उलटतो. मला हे उत्तर पटत नाही. भानामतीवर विश्वास अख्ख्या गावाचा असतो. मग आळ नेमका त्याच बाईवर का येतो?

घरात पोर तापानं गेलेलं असतं, नाहीतर दुभती गाय मेलेली. माणसं मांत्रिकाकडे जातात. तो सुपात तांदूळ पसरतो, पण नाव लगेच सांगत नाही. आधी विचारतो, “कोणाशी वाकडं आहे का?” मग घरचेच एकेक नाव काढतात: धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) भांडलेली, उसने पैसे परत मागणारी, नवरा गेल्यावरही वाट्याचं शेत न सोडणारी. दाणे त्यातल्याच एका नावावर थांबतात. ते नाव घरूनच आणलेलं असतं. मांत्रिकाच्या तोंडून आलं म्हणून त्याला देवाचा शिक्का बसतो.

माझ्या आजीचं गाव उमरेडकडचं. तिथल्या एका विधवेबद्दल आजी सांगायची. ती गल्लीतून निघाली की बाया लेकरांना पदराखाली घेत. तिची नजर वाईट, हे पहिल्यांदा बोलली तिची जाऊ, आणि तेही विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झाल्यावर. चार-पाच वर्षांनी ती बाई गाव सोडून माहेरी गेली. पुढच्या पावसाळ्यात दोन शेतांमधला धुरा नांगरला गेला.

तिथे निदान कुणी हात उचलला नाही. हात उठतो तो गावात साथ आलेली असताना, भीती घराघरात शिरलेली असताना. बैठकीत नाव पुकारलं गेलं की जो गप्प राहील तोही संशयात येतो. त्यामुळे ज्याचं त्या बाईशी काहीच वाकडं नाही, तोही दगड उचलतो. सगळ्यांनी मारलं म्हणजे कुणीच मारलं नाही, हा हिशोब तिथे चालतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली १९ जणांना चेटकाच्या आरोपावरून फाशी दिली. त्यांत रिबेका नर्स ही ७१ वर्षांची, चर्चमध्ये मान असलेली आजी होती. तिच्या घराण्याचा शेजारच्या लोकांशी जमिनीच्या हद्दीवरून जुना वाद होता आणि आरोप करणाऱ्यांत पटनम कुटुंब पुढे होतं. ज्युरीनं तिला आधी निर्दोष ठरवलं. त्याबरोबर ‘झपाटलेल्या’ मुलींनी कोर्टातच किंचाळायला, अंग टाकायला सुरुवात केली. ज्युरीला फेरविचाराला पाठवलं, आणि निकाल फिरला. १७०६मध्ये पटनम घरच्याच ॲननं चर्चमध्ये माफी मागितली. तोवर रिबेकाला जाऊन १४ वर्षं झाली होती.

आपल्याकडे या प्रश्नाला संघटित तोंड फुटलं ते नागपुरातूनच. १९८२मध्ये श्याम मानव यांनी इथे अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. कायद्याची मागणी मात्र वर्षानुवर्षं रखडली. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. मला यातलं सर्वांत मोलाचं कलम वाटतं ते एखाद्यावर करणीचा, चेटकाचा आळ घेणं हाच गुन्हा ठरवणारं. खून आणि मारहाण आधीपासून गुन्हाच होते. हा कायदा नाव घेतलं जातं तिथेच पोचतो.

पोचायला तक्रार लागते. ज्यांनी ते नाव ऐकलेलं असतं, ते सगळे बैठकीत बसलेले असतात. रेट्याखेड्याची घटना घडली तेव्हा नागपूरचं अधिवेशन संपून नऊच दिवस झाले होते. ती पेपरात यायला जानेवारीचा मध्य उजाडला.