थिएन मू विहार (ह्वे, व्हिएतनाम)

थिएन मू : मध्य व्हिएतनाममधील ह्वे शहराच्या पश्चिमेला, हुओंग नदीच्या उत्तर काठावर, हा-खे टेकडीवरील बौद्ध विहार. स्थापना १६०१, न्युएन होआंग या सरदाराकडून. लाल वस्त्रांतली एक वृद्धा टेकडीवर प्रकटली आणि ‘राज्याचा धनी इथे विहार उभारील’ असे सांगून अदृश्य झाली, अशी आख्यायिका आहे. ‘थिएन मू’ म्हणजे स्वर्गातील देवी. ह्वेच्या वास्तुसमूहाला १९९३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात हा विहार येतो.

छायाचित्रांत दिसतो तो फुओक जुएन मनोरा: विटांचा, अष्टकोनी, सात मजली, २१ मीटर उंच. थिएउ त्री या सम्राटाने तो १८४४ मध्ये बांधला, म्हणजे विहारानंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी. आपण दोन्हींना ‘पॅगोडा’ म्हणतो, तिथेच गल्लत होते. व्हिएतनामी भाषेत मनोरा म्हणजे ‘थाप’ आणि विहार म्हणजे ‘चुआ’. चुआ मनोऱ्याच्या मागे, तीन दारांच्या वेशीपलीकडे आहे. मनोरा पाहून पायऱ्या उतरणाऱ्यांचा विहार बघायचाच राहतो.

मनोऱ्याच्या दोन बाजूंना छोटे मंडप आहेत. एकात १७१० मध्ये ओतलेली, दोन टनांहून जड घंटा. दुसऱ्यात १७१५ चा शिलालेख. हा शिलालेख संगमरवरी कासवाच्या पाठीवर उभा आहे. कासव हे दीर्घायुष्याचे प्रतीक. घंटा वाजवून पाहू नये.

वेशीतून आत गेल्यावर मुख्य मंदिर लागते. त्यापलीकडे एक निळी ऑस्टिन मोटार जपून ठेवली आहे. ११ जून १९६३ रोजी थिच क्वांग डुक हे भिक्षू याच गाडीने तेव्हाच्या दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावच्या (सैगॉन) चौकात उतरले आणि बौद्धांवरील दडपशाहीच्या निषेधार्थ त्यांनी आत्मदहन केले. त्या जगप्रसिद्ध छायाचित्रात ज्वाळांच्या मागे बॉनेट उघडलेली हीच गाडी दिसते. इथे आवाज आपोआप खाली यावा.

शहराच्या मध्यापासून अंतर सुमारे ५ किलोमीटर. सायकलने काठाकाठाने जाता येते. नावेने गेल्यास मनोरा दुरूनच वर येताना दिसतो आणि पायऱ्या थेट धक्क्यासमोर लागतात. मात्र नाववाल्याशी थांबण्याची वेळ आधीच ठरवावी. ती ठरवली नाही, तर घाईत मनोराच तेवढा पाहून होतो; निदान एक तास मागून घ्यावा. सकाळी लवकर गेलेले बरे, कारण पुढच्या अंगणात सावली कमी आणि उन्हाळ्यात फरशी तापते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस सर्वाधिक. नदीला पूर आला की नावा बंद, आणि ओल्या पायऱ्यांवर पाय घसरतो. फेब्रुवारी ते एप्रिल हवा सोसवते.

खांदे व गुडघे झाकणारे कपडे हवेत, मंदिरात शिरताना चपला बाहेर. हा नांदता विहार आहे. लहान श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, इथेच राहतात, शिकतात. पाठ चालू असेल तर दाराशी थांबावे, कॅमेरा खाली ठेवावा. सगळ्यात मागे पाइन वृक्षांची बाग आहे. तिथवर फार थोडे जण पोचतात.