गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो? अजिबात नाही

परळला आमच्या चाळीत एक काका आहेत, त्यांच्याकडे लायसनची छोटी ०.३२ रिव्हॉल्व्हर आहे, आणि त्यांना कोणीतरी सांगितलंय की सगळ्यात जोरदार काडतूस घ्या, समोरचा जागेवरून उडायला पाहिजे. हे पिक्चरमधून डोक्यात बसलेलं खूळ आहे आणि धोकादायक आहे म्हणून लिहितोय.

साधा हिशोब बघा. या ०.३२ च्या काडतुसाची गोळी साधारण ६ ग्रॅमची, वेग सेकंदाला २०० मीटरच्या आसपास. ७० किलोच्या माणसाला ती लागून आत अडकली तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम २ सेंटिमीटर, म्हणजे लोकलच्या गर्दीतला धक्का सुद्धा याच्यापेक्षा मोठा असतो! माणूस थांबतो तो गोळी कुठे लागली आणि किती आत गेली यावर, धक्क्याने नाही.

आता उलटा धक्का मात्र तुमच्याच हाताला बसतो. कानपूरची २०१४ ची निर्भीक ही ०.३२ चीच छोटी रिव्हॉल्व्हर फक्त ५०० ग्रॅमची आहे, बंदूक जितकी हलकी तितका झटका जास्त, मग दुसरी गोळी भलतीकडेच जाते. हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली, अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी, तिचाही भरवसा नाही, आखूड नळीत वेग कमी पडतो त्यामुळे ती बऱ्याचदा फुलतच नाही.

आणि चाळीत खोल्यांमध्ये नुसती लाकडी पार्टिशन, चुकलेली गोळी आरपार जाईल, आणि पलीकडे शेजाऱ्यांची पोरं झोपलेली असतात हो. जे काडतूस तुमच्या हातून नीट नेमावर लागतं, ज्याची नेमबाजीच्या रेंजवर सवय आहे, तेच घ्या.