मायक्रो-आरएनएची लक्ष्ये संगणकाने ओळखण्याची पार्श्वभूमी

सी. एलिगन्स या सूत्रकृमीतील लिन-४ हे जनुक प्रथिन तयार करत नाही, तर सुमारे २२ अक्षरांचा (न्यूक्लिओटाइडांचा) आरएनए तयार करते, हे १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस यांच्या गटाने दाखवले. हा आरएनए लिन-१४ या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएच्या शेवटच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागाशी अंशतः जुळतो आणि लिन-१४ चे प्रथिन कमी करतो, हे गॅरी रव्हकुन यांच्या गटाच्या कामाशी ताडून पाहता स्पष्ट झाले. अशा छोट्या नियंत्रक आरएनएंनाच मायक्रो-आरएनए म्हणतात. पुढे २००० साली सापडलेला लेट-७ हा असाच मायक्रो-आरएनए माणसापर्यंत अनेक प्राण्यांत जसाच्या तसा टिकून असल्याचे दिसले आणि कृमीतील अपवाद वाटणारी ही यंत्रणा सार्वत्रिक ठरली.

मग प्रश्न आला लक्ष्यांचा, म्हणजे कोणता मायक्रो-आरएनए कोणत्या जनुकांचे संदेशवाहक आरएनए रोखतो याचा. वनस्पतींत जुळणी जवळजवळ पूर्ण असल्याने २००२ मध्येच अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील नेहमीच्या वनस्पतीमधील लक्ष्ये साध्या क्रमशोधाने हाती लागली. प्राण्यांत मात्र मायक्रो-आरएनएच्या दुसऱ्या ते सातव्या अक्षरांचा ‘सीड’ हा भागच निर्णायक असतो, आणि सहा अक्षरांचा कोणताही क्रम सरासरी दर ४,०९६ अक्षरांमागे एकदा निव्वळ योगायोगानेही येतो. त्यामुळे जुळणी शोधण्यापेक्षा खरी जुळणी वेगळी काढणे हेच या क्षेत्राचे खरे काम ठरले.

डेव्हिड बार्टेल आणि ख्रिस्तोफर बर्ज यांच्या गटांनी २००३ मध्ये मांडलेल्या टार्गेटस्कॅन या संगणकीय पद्धतीने उत्क्रांतीलाच साक्षीदार केले: माणूस, छोटा उंदीर (माउस) आणि मोठा उंदीर (रॅट) या तिघांतही टिकून राहिलेली स्थाने तेवढी ग्राह्य धरायची. माझ्या मते त्याहून मोलाची होती ती बनावट मायक्रो-आरएनए क्रमांशी केलेली तुलना, कारण तिच्यामुळे चुकीच्या भाकितांचे प्रमाण प्रथमच अंदाजता आले. तपासलेल्या १५ लक्ष्यांपैकी ११ ना प्रयोगाचा आधार मिळाला. दोनच वर्षांत याच पद्धतीने मानवी जनुकांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जनुके मायक्रो-आरएनएच्या नियंत्रणाखाली असल्याचा अंदाज निघाला.

तरीही ‘लक्ष्य आहे की नाही’ एवढे उत्तर अपुरे होते. २००८ च्या प्रथिनमोजणीत बहुतेक लक्ष्यांवरील परिणाम सौम्यच आढळला. म्हणून भर किती परिणाम होईल यावर गेला, आणि स्थानाभोवतीचे क्रम, आरएनएची घडी यांचा हिशेब होऊ लागला. २०१९ मध्ये बार्टेल यांच्या गटाने अर्गोनॉट या मायक्रो-आरएनएला धरून ठेवणाऱ्या प्रथिनात बसलेल्या सहा मायक्रो-आरएनएंची लक्ष्यक्रमांशी होणारी बंधनशक्ती थेट मोजली आणि न मोजलेल्या मायक्रो-आरएनएंसाठी ती न्यूरल नेटवर्कने वर्तवली. या पद्धतीत स्थान इतर प्राण्यांत टिकले आहे की नाही, यावर भाकीत अवलंबून राहिले नाही.